झेब्रा पट्टे आहेत, तरी गाडी का थांबत नाही?

गावातून जाणारा रस्ता चौपदरी झाला की आधी उद्घाटन होतं, सत्कार होतात, आणि वर्षभरात कधीतरी शाळेसमोर अपघात होतो. लोक रस्त्यावर उतरतात, तासभर वाहतूक रोखतात, साहेब येऊन आश्वासन देतात. मागणी ठरलेली असते: शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग मारा. ती मान्य व्हायला फार वेळ लागत नाही, कारण रस्त्यावरच्या कामांत हे सगळ्यात स्वस्त. ठेकेदाराची माणसं येतात, पांढरे पट्टे ओढतात, अलीकडे-पलीकडे शाळेचे त्रिकोणी फलक रोवतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी पोरं पट्ट्यांच्या टोकाशी उभी राहतात आणि गाड्या कालच्याच वेगानं जात राहतात.

मग चर्चा वळते ती मानसिकतेकडे. आपल्या लोकांना शिस्तच नाही, परदेशात बघा कसे थांबतात, वगैरे. शिस्तीचा प्रश्न आहेच, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही. ताशी ८० किलोमीटरनं चाललेल्या अगदी सज्जन माणसालाही झेब्रा दिसल्यावर वेळेत थांबता येत नाही, अशा ठिकाणी आपण झेब्रा मारतो. पट्टे हे फक्त एक चिन्ह आहे. त्या चिन्हापाशी येईपर्यंत गाडीचा वेग कमी झाला असेल, चालकाला पोरं लांबून दिसत असतील आणि पोरांना एका दमात फार अंतर कापायचं नसेल, तरच त्याचा उपयोग.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद.

वीस मीटरचा हिशोब

समजा, गाडीपुढे वीस मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात आलं. वीस मीटर म्हणजे दोन एसटी गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल त्यापेक्षा थोडं कमीच. चालक जागरूक आहे, मोबाइलवर बोलत नाहीये. मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत त्याला एक सेकंद लागतो, आणि एवढ्या चपळाईला चांगलंच म्हणायला हवं. रस्ता कोरडा, टायर नवे, ब्रेक करकचून दाबलेला.

गाडी ताशी ३० किलोमीटरनं येत असेल तर त्या एका सेकंदात ती साधारण ८ मीटर पुढे सरकते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरमध्ये थांबते. मुलाच्या अलीकडे साडेसहा मीटर जागा उरते. चालक दोन शिव्या घालतो, मूल पळून जातं, विषय संपला.

वेग ५० असेल तर पहिल्या सेकंदातच जवळपास १४ मीटर संपतात. म्हणजे ३० वाली गाडी ज्या जागी थांबून उभी असते, तिथे ५० वाल्याचा पाय अजून ब्रेकवर टेकलेलाही नसतो. उरलेल्या सहा मीटरमध्ये वेग थोडा उतरतो आणि मुलाला धडक बसते ती सुमारे ३७ च्या वेगानं. वेग ६० असेल तर धडक ५५ च्या आसपास. आणि ८० असेल तर एका सेकंदात २२ मीटर जातात, म्हणजे ब्रेकचा प्रश्नच येत नाही. धडक पूर्ण ८० नं.

यातली ५० आणि ६० ची तुलना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काट्यावर फरक दहाचा दिसतो, मुलाच्या अंगावर येताना तो अठराचा झालेला असतो. शिवाय धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे शरीरावरचा आघात त्याहून कितीतरी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गाडीच्या पुढच्या भागाची धडक ५० ऐवजी ६५ च्या वेगानं बसली तर पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचारपट होते. वरचा हिशोब कारचा आहे. जुलैतला ओला रस्ता, गुळगुळीत टायर आणि उसानं लादलेली ट्रॉली धरली तर तो आणखी बिघडतो.

म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात ताशी ३० हा आकडा आला: माणसं आणि गाड्या जिथे एकाच रस्त्यावर मिसळतात, तिथे यापेक्षा जास्त वेग नको. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनं महापालिका-नगरपालिका हद्दीत कारला जास्तीत जास्त ७० ची मुभा दिली आहे. ही वरची मर्यादा झाली. राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेले अधिकारी एखाद्या रस्त्यासाठी ती खाली आणू शकतात, आणि शाळेसमोरच्या पट्ट्यासाठी तसा आदेश निघणं ही पहिली पायरी. पण नुसता '३०' चा फलक लावून कोणी ३० नं जात नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा दिसला की पाय आपोआप दाबला जातो. लंडनमध्ये ताशी २० मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची, क्षेत्रं आखली, तेव्हा तिथे पाट्यांच्या जोडीला उंचवटे आणि अरुंद केलेले रस्तेही होते. १९८६ ते २००६ या काळाच्या अभ्यासात त्या क्षेत्रांतल्या अपघातग्रस्तांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि लहान मुलांना त्याचा फायदा विशेष झाला.

'नीट बघून रस्ता ओलांड'

मुलांना आपण हे सांगतोच. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सांगायलाही हवं. पण या सूचनेला एक मर्यादा आहे आणि ती मुलाच्या डोळ्यांत आणि मेंदूत आहे.

समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आपण कसा ओळखतो? ती डोळ्यात किती भराभर मोठी होत जाते यावरून. लांबची वेगवान गाडी सुरुवातीला फार हळू मोठी होते आणि अगदी जवळ आल्यावर एकदम. हा फरक टिपण्याची क्षमता वयाबरोबर येते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांवर चाचण्या घेतल्या. प्रौढांना ताशी ५० मैलांपर्यंत येणाऱ्या गाडीचा अंदाज बरोबर घेता येत होता. मुलांचा अंदाज २० मैलांच्या पुढे भरवशाचा राहिला नाही. २० मैल म्हणजे पुन्हा तेच ३२ किलोमीटर.

याचा अर्थ चौथीतला मुलगा ८० नं येणाऱ्या गाडीकडे नीट बघतो, सरांनी सांगितल्याप्रमाणे बघतो, 'लांब आहे' असं ठरवतो आणि निघतो. पंचनाम्यात मग 'अचानक रस्त्यात आला' असं लिहिलं जातं. त्याच्या लेखी ते अचानक नव्हतं.

त्यात उंचीची भर. आठ वर्षांचं मूल साधारण सव्वाशे सेंटिमीटर असतं. झेब्राच्या तोंडाशी एखादी मोठी गाडी किंवा शाळेची व्हॅन उभी असेल तर मूल तिच्या मागे पूर्ण झाकलं जातं. त्याला रस्ता दिसत नाही, रस्त्यावरच्याला ते दिसत नाही. बाहेर डोकावायचं तर त्याला रस्त्यात पाऊल टाकावं लागतं. म्हणून झेब्राच्या अलीकडची जागा मोकळी राहणं याला इतकं महत्त्व आहे. कॅलिफोर्निया राज्यानं क्रॉसिंगच्या अलीकडच्या २० फुटांत गाडी उभी करायला कायद्यानंच मनाई केली आहे आणि २०२५ पासून त्याचा दंडही आकारला जातो. आपल्या नियमांतही क्रॉसिंगवर गाडी लावायला बंदी आहे. पण आपल्याकडे तिथे फक्त गाड्या नसतात. वडापावची गाडी असते, तीन रिक्षा असतात, दुभाजकाच्या तोंडाशी कण्हेर माजलेली असते आणि खांबाला कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. यातलं बरंचसं हटवायला एक रुपयाचाही निधी लागत नाही. कण्हेर तर पालिकेच्या माळ्यानंच छाटायची असते.

पट्टे मारून धोका वाढू शकतो

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. अमेरिकेत चार्ल्स झेगीर आणि सहकाऱ्यांनी ३० शहरांतल्या, सिग्नल नसलेल्या एक हजार आखलेल्या आणि एक हजार न आखलेल्या ओलांडण्याच्या जागा तपासल्या. अंतिम अहवाल २००५ चा. दुपदरी रस्त्यांवर पट्टे असण्या-नसण्यानं फरक पडलेला दिसला नाही. पण अनेक पदरी रस्त्यावर, दिवसाला बारा हजारांहून जास्त गाड्या जात असतील आणि मध्ये उंच दुभाजक नसेल, तर नुसते पट्टे मारलेल्या जागी पादचाऱ्यांच्या अपघातांचं प्रमाण न आखलेल्या जागांपेक्षा जास्त निघालं.

कारण समजायला आपल्याकडचंच दृश्य घेऊ. शाळा सुटली आहे. डाव्या लेनमध्ये एसटी येते. चालक अनुभवी आहे, पोरं बघून तो झेब्रापाशी गाडी थांबवतो आणि हातानं 'जा' अशी खूण करतो. पोरांना वाटतं रस्ता मिळाला. पुढची दोघं पळत सुटतात. एसटीच्या उजव्या बाजूनं, शेजारच्या लेनमधून, एक मोटरसायकल येते आहे. तिच्यावरच्या पोराला दिसतं ते एवढंच की पुढे एसटी थांबली आहे, बहुतेक प्रवासी उतरवायला. तो वेग कमी करत नाही, कशाला करेल? मुलांना तो दिसत नाही कारण मध्ये एसटी आहे. त्याला मुलं दिसत नाहीत, कारण तेच. चांगुलपणानं थांबलेल्या माणसामुळे दोघांच्या मध्ये भिंत उभी राहिली. झेगीर यांच्या अभ्यासात पट्टे आखलेल्या जागी नेमका हा प्रकार ठळकपणे पुढे आला.

कायद्यात याची तरतूद आहे. केंद्राच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत क्रॉसिंगपाशी पादचाऱ्याला वाट देणं बंधनकारक आहे, आणि तिथे थांबलेल्या गाडीला ओलांडून पुढे जायला मनाई आहे. लायसनच्या परीक्षेत यावर प्रश्न किती जणांना आला असेल कोण जाणे.

रस्त्यावर यावरचा उपाय साधा आहे: थांब्याची आडवी रेघ झेब्राला खेटून न मारता सहा ते पंधरा मीटर अलीकडे मारायची. पहिली गाडी तिथे थांबली की तिच्या पुढून तिरकी नजर मोकळी होते आणि शेजारच्या लेनमधल्याला मुलं वेळेत दिसतात. आपल्याकडे ही रेघ झेब्रापासून हातभर अंतरावर असते आणि गाड्या तीही ओलांडून उभ्या राहतात.

मधे उभं राहायला जागा

वेगवान रस्त्यावर सगळ्यात जास्त फरक कशानं पडत असेल तर तो अर्ध्यावर थांबता येण्यानं. याचाही हिशोब करून बघू. चौपदरी रस्त्यावर साडेतीन मीटरची एक लेन धरली तर दुभाजक सोडून १४ मीटर होतात. सिग्नलची वेळ ठरवताना माणसाचा चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे बारा सेकंद. ८० च्या वेगानं येणारी गाडी तेवढ्या वेळात २६० मीटर अंतर कापते. एका दमात जायचं तर दोन्ही बाजूंना एवढा रस्ता मोकळा आहे का, हे मुलानं, किंवा गुडघे धरून चालणाऱ्या आजींनी, एकाच वेळी ठरवायचं. सकाळी दहाला असा मोकळा रस्ता मिळतच नाही, मग जो मिळतो त्यात धाव घेतली जाते.

मधे नीट थांबता आलं तर प्रश्न अर्ध्याहून जास्त सुटतो. सात मीटर, सहा सेकंद, १३० मीटर, आणि लक्ष फक्त एका बाजूला.

'दुभाजक तर आहेच की' असं इंजिनिअर म्हणतात. तो दुभाजक बघा. रुंदी पाऊण मीटर. त्यावर मूल उभं राहिलं तर पाठीवरचं दप्तर मागच्या लेनमध्ये येतं. सायकल घेऊन आलेल्या मुलीची तर दोन्ही चाकं रस्त्यात. थांबण्याची जागा किमान १.८ मीटर रुंद हवी, म्हणजे सायकल आडवी मावते, आणि जमलं तर अडीच. ती रस्त्याच्या पातळीवर, कठडे-खांबांनी संरक्षित आणि उजेडात हवी. आणखी एक चांगली युक्ती म्हणजे झेब्राचे दोन भाग एका रेषेत न ठेवता थोडे सरकवायचे. मधे आल्यावर माणसाला दुभाजकातून चार पावलं येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून चालावं लागतं, आणि गाड्या आपोआप नजरेत येतात.

लोक दुभाजक फोडून वाट करतात, याबद्दल खात्याची नेहमी तक्रार असते. मला उलट वाटतं की त्यांनी फोडलेल्या जागा नकाशावर मांडाव्यात. लोकांना कुठून ओलांडायचं आहे याचं याहून चांगलं सर्वेक्षण फुकटात मिळणार नाही. झेब्रा अर्धा किलोमीटर लांब चौकात आणि शाळेचं गेट इथे, तर पोरं इथूनच जाणार.

उंचवटा, सिग्नल, पूल

वेग खरोखर खाली आणायचा तर रस्ता उचलावा लागतो. आपल्याकडे स्पीडब्रेकर म्हटलं की गावकऱ्यांनी अपघातानंतर रातोरात सिमेंटनं घातलेला बांध आठवतो. उंच, अरुंद, न रंगवलेला. त्यावरून दुचाकीवर मागे बसलेल्या बाई उडून पडतात आणि नवाच अपघात होतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांतला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच आहे. कार ताशी २५ नं गेली तर आरामात जाते, ५० नं गेली तर डोकं टपाला लागतं. शाळेसमोर त्याहून चांगला पर्याय म्हणजे सपाट माथ्याचा उंचवटा, ज्याला टेबलटॉप म्हणतात: दोन्ही बाजूंना उतार, माथ्यावरच झेब्रा. मूल फुटपाथच्या पातळीवरून न उतरता चालत जातं, चार इंच उंच दिसतं, व्हीलचेअर अडत नाही, आणि गाडीला वेग कमी करण्यावाचून गत्यंतर नसतं. फक्त दोन गोष्टी विसरता कामा नयेत. कडेला पाण्याची वाट ठेवली नाही तर पहिल्याच पावसात दोन्ही टोकांना डबकं साचतं आणि पोरं झेब्रा सोडून बाजूनं चालतात. आणि साधा रंग एका पावसाळ्यात निघून जातो, म्हणून थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे तापवून ओतलेल्या जाड थराचे, पट्टे हवेत, काचेचे मणी मिसळलेले, म्हणजे रात्री दिव्यात चमकतात.

हा उपाय शहरातल्या, जिल्हा परिषदेच्या आणि गावातून जाणाऱ्या हळू रस्त्यांवर चालतो. राष्ट्रीय महामार्गावर स्पीडब्रेकर नकोत असं केंद्राचं धोरण आहे, आणि ताशी ८०-१०० नं येणाऱ्या ट्रकपुढे एकदम उंचवटा आणणं धोक्याचंच. तिथे वेग टप्प्याटप्प्यानं उतरवावा लागतो: आधी फलक, मग रंबलर पट्ट्या, मग अरुंद केलेल्या लेन, मग सिग्नल.

सिग्नलचं म्हणाल तर पादचाऱ्यानं बटण दाबल्यावर लागणारा लाल दिवा वेगवान रस्त्यावर चांगला चालतो. अमेरिकेत टुसान शहरात अशा सिग्नलांचा अभ्यास झाला. पादचाऱ्यांचे अपघात ६९ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. आपल्या शहरांतही असे बटणाचे 'पेलिकन' सिग्नल बसले आहेत. अडचण ही की बटण दाबल्यावर दीड मिनिट काहीच होत नाही, किंवा बटणच तुटलेलं असतं. वाहतूक अभियांत्रिकीतला एक जुना ठोकताळा सांगतो की तीस सेकंदांपेक्षा जास्त ताटकळावं लागलं की माणूस अधीर होतो आणि मिळेल त्या फटीतून घुसतो. गाड्यांना दोन मिनिटं हिरवा आणि माणसांना पंधरा सेकंद, असा सिग्नल माणसांनी पाळावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. त्यात आपली लाडकी 'लेफ्ट फ्री', म्हणजे सिग्नल लाल असतानाही डावीकडे वळायची मुभा. पादचाऱ्याला हिरवा लागला तरी डावीकडे वळणारे थांबतच नाहीत. शाळेजवळच्या चौकात ती सरळ बंद करावी.

पादचारी पुलांबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. पुलाखाली गाड्यांसाठी साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. वर तुळईची जाडी धरली की सहा मीटरच्या वर. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर चाळीसच्या वर पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. सायकलवाली मुलं, गरोदर बाई, दमेकरी म्हातारा, सगळ्यांना एकच वाट. लोक खालूनच जातात आणि वरचा पूल जाहिरातींच्या कामी येतो. गाड्यांच्या वाटेत माणूस येऊ नये एवढ्यासाठी बांधलेली ती सोय असते. जिथे खरोखर खाली थांबवणं शक्यच नाही, प्रवेशबंद द्रुतगती मार्ग आहे, तिथे पूल किंवा भुयारी मार्ग लागतो, आणि मग त्याला रॅम्प, दिवे आणि पाण्याचा निचरा हेही लागतं. अंधाऱ्या, तुंबलेल्या भुयारातून मुली संध्याकाळी जाणार नाहीत.

दिव्यांवरून आठवलं. दुपारच्या सत्राची शाळा डिसेंबरात सुटते तेव्हा महाराष्ट्रात सूर्य मावळत असतो. झेब्रावर दिवा असला तरी तो बरोबर डोक्यावर किंवा पलीकडे असेल तर चालकाला मूल काळ्या आकृतीसारखं दिसतं. खांब गाडी येते त्या बाजूला, झेब्राच्या थोडा अलीकडे असला की उजेड मुलाच्या अंगावर पडतो.

शाळेला करता येण्यासारखं

बऱ्याच ठिकाणी खरा उपाय शाळेच्या आवारातच असतो. मुख्य गेट महामार्गावर उघडतं आणि मागच्या गल्लीत दुसरं गेट कुलूप लावून ठेवलेलं असतं. ते उघडलं तर निम्म्या मुलांना मोठ्या रस्त्यावर यावंच लागत नाही. गेटसमोर आडवा कठडा बसवला तर घंटा होताच सुसाट निघालेली पोरं थेट रस्त्यात न जाता कठड्याला वळसा घालून झेब्राकडे जातात. खालच्या वर्गांना दहा मिनिटं आधी सोडलं तर गर्दी विभागते. आणि पालकांनी दुचाकी झेब्रावर लावून 'लवकर बस' म्हणून ओरडणं थांबवलं तर बराच फरक पडेल. शाळेसमोरचा निम्मा गोंधळ आपल्याच मुलाला आणायला आलेल्या लोकांचा असतो.

आरएसपीची, म्हणजे शाळेच्या रस्ता सुरक्षा दलाची, पोरं गणवेश घालून वाहतूक थांबवताना छान दिसतात. गल्लीत ठीक आहे. पण वेगवान रस्त्यावर गाड्या अडवायचं काम मुलांना देऊ नये, तिथे मोठं माणूस हवं, चमकणारं जॅकेट घातलेलं.

अर्ज कोणाकडे

रस्ता कोणाचा, हे आधी शोधा. यातच निम्मे अर्ज मरतात. महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण? महामार्गासाठी १०३३ ही हेल्पलाइन आहे. कळलंच नाही तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जायचं. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि तिथे पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं सगळे एका टेबलाभोवती बसतात.

तिथे एक उत्तर हमखास मिळतं: 'हा ब्लॅक स्पॉट', म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, 'नाही.' राष्ट्रीय महामार्गांसाठी ब्लॅक स्पॉटची व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. शाळेसमोरच्या रस्त्याला हा निकष लावायचा म्हणजे असे पाच अपघात किंवा दहा मृत्यू होईपर्यंत थांबायचं. अशा वेळी मोटार वाहन कायद्यातलं २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९८-अ दाखवावं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण फाइलवर त्याचा उल्लेख आला की भाषा बदलते. सर्वोच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षेबाबत राज्यांना निर्देश दिले. वापरण्याजोगा फुटपाथ असणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयानं म्हटलं होतं.

अर्जात 'योग्य ती कार्यवाही व्हावी' लिहू नका. शाळा भरताना आणि सुटताना एकेक तास बसून किती मुलं ओलांडतात ते मोजा. वेगाचा अंदाज घ्यायला रस्त्याच्या कडेला शंभर मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचनं गाड्यांची वेळ घ्या. साडेचार सेकंदांत शंभर मीटर म्हणजे ताशी ८०, बारा सेकंदांत म्हणजे ३०. दुभाजकाची रुंदी टेपनं मोजा, झेब्रा झाकणाऱ्या वस्तूंचे फोटो लावा. मग नेमकं मागा: थांब्याची रेघ दहा मीटर मागे, दुभाजकात १.८ मीटरची जागा, अमुक खांबावर दिवा.

हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घ्यायचं असतं. पावसात डांबर आणि पट्टे दोन्ही टिकत नाहीत, आणि जूनमध्ये शाळा उघडते. कामाचं अंदाजपत्रक मार्चच्या आत मंजूर व्हायला हवं, म्हणजे अर्ज दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच गेलेला बरा. पाठपुराव्यासाठी पोच घेतलेली प्रत ठेवा आणि समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख त्याच दिवशी विचारून या.